मातीला उपाशीपोटी औषध

पेरॉक्साइड फार दिवस साठवून ठेवता येत नाही. ड्रमचं झाकण घट्ट असलं तरी आतल्या आत त्याचा जोर उडून जातो आणि शेवटी महागामोलाचं पाणी हातात उरतं. किश्श्यांचं नेमकं उलटं. पडून राहिले की ते आणखी कडक होतात. माझ्याकडे सध्या याच मालाचा स्टॉक जास्त झालाय. बायको म्हणते, घरात आता एकही खपणार नाही, आम्हाला सगळे पाठ आहेत. म्हटलं, मग तुमच्याकडे उतरवून टाकू.

मी मूळचा इचलकरंजीचा. शाळेचं आणि माझं कधी जमलं नाही. ब्लीचिंगच्या कारखान्यात लागलो, तिथे कापड पांढरं करायला पेरॉक्साइड वापरायचे. केमिस्ट्री मी ड्रमवरची लेबलं वाचून शिकलो, आणि लेबलात नसलेली केमिस्ट्री हातावर सांडली की समजायची. पुढे तोच माल विकायला चेन्नईत आलो आणि इथलाच झालो. इथे उत्तरेकडून आलेला कुठलाही व्यापारी म्हणजे 'सेट'. मी मारवाडी नाही हे सांगणं मी केव्हाच सोडून दिलंय. उधारी मागताना तेवढंच बरं पडतं.

तर एक दिवस फोन आला. तांबरमच्या पुढे एका बंद कारखान्याच्या आवारात पेरॉक्साइड हवंय. विचारलं, कापड कुठलं? पलीकडून एक मुलगी शुद्ध मराठीत म्हणाली, "कापड नाही काका. जमीन धुवायची आहे."

* * *

ती केतकी. अकोल्याची, केमिकल इंजिनियर, नवरा आयटीत, राहायला वेलचेरीत. साइट तिच्या ताब्यात होती.

मला वाटलं होतं, जमीन धुवायची म्हणजे पाण्याचे टँकर वगैरे. तिने मला बसवून समजावलं. त्या कारखान्यात एके काळी डीडीटी आणि लिंडेनच्या पुड्या भरायचे. आपण लहानपणी घराघरांत पाहिलेली ती पांढरी पावडर; मुंग्या, ढेकूण, झुरळं, सगळ्यांवर एकच. कारखाना बंद झाला, मालक गेले, पावडर मातीत राहिली. ही विषं भलती हट्टी. पावसाने वाहून जात नाहीत, उन्हाने मरत नाहीत, जमिनीतले जंतूही त्यांना तोंड लावत नाहीत. म्हणून जमिनीत नळ्या ठोकायच्या, त्यांतून पेरॉक्साइड आणि हिराकस आत सोडायचं. हिराकस म्हणजे लोखंडाचा तो हिरवट खार. दोघं भेटले की पेरॉक्साइड असं चवताळतं की समोर येईल त्याचे तुकडे पाडतं. मागाहून परसल्फेट, ते जरा सबुरीने काम करतं.

मी म्हटलं, म्हणजे डाग काढायचेच की. फक्त कापड जरा मोठं आहे.

ती हसली आणि म्हणाली, सँपल ठेवून जा. मी ठेवलं. दोन दिवसांनी गेलो तर बाई टेबलावर सगळ्या काचेच्या नळ्या मांडून कपाळाला आठ्या घालून बसलेली. मला म्हणाली, जरा थांबा, उपकरण बिघडलंय.

"काय झालं?"

"सगळ्या सप्लायर्सचा माल लेबलवर लिहिलेल्यापेक्षा कमी भरला. तुमचा जेवढा लिहिलाय तेवढाच भरतोय. काहीतरी गडबड आहे."

आयुष्यात मला मिळालेलं हे एकमेव सर्टिफिकेट, आणि तेसुद्धा संशयावरून!

* * *

साइटवर दुसरं माणूस म्हणजे पंचनाद राव. हे तंजावरचे मराठी. आवडी या चेन्नईजवळच्या गावातल्या फॅक्टरीतून रिटायर झालेले आणि घरी करमेना म्हणून इथे सुपरवायझर झालेले. त्यांच्या घराण्याला तमिळ देशात येऊन इतक्या पिढ्या झाल्या की त्यांचं मराठी ऐकताना वाटावं, आपले खापरपणजोबा कॉफी प्यायला आलेत. शब्द जुने आणि वर तमिळची फोडणी. केतकीचं तमिळ 'तण्णी' म्हणजे पाणी आणि 'सरी' म्हणजे ठीक, या दोन शब्दांत संपायचं, त्यामुळे गावाशी बोलायचं खातं रावांकडे.

आणि तिसऱ्या मंगलम अम्मा.

आवाराच्या एका कोपऱ्यात दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. अम्मांचा नवरा त्या कारखान्याचा वॉचमन. मालक जाताना ती एवढीशी जागा त्याच्या नावावर करून गेला. नवरा गेला, अम्मा राहिल्या. आता सरकारी खात्याने संपूर्ण आवार साफ करायला काढलं तेव्हा अट अशी पडली: औषधाने जागच्या जागी माती साफ झाली तर उत्तम, घर राहील. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या तपासणीत नाही झाली, तर विषारी माती खोल खणून ट्रकने न्यायची. घराचा पाया त्याच मातीत, म्हणजे घरही गेलं. बदल्यात कुठेतरी लांब, चौथ्या मजल्यावर एक फ्लॅट.

फ्लॅटचा नकाशा घेऊन साहेब लोक आले तेव्हा अम्मांनी तो नीट उलटसुलट करून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, दारात कोलम कुठे घालायचं?

कोलम म्हणजे इथली तांदळाच्या पिठाची रांगोळी. रोज पहाटे सडा टाकून दारात घालायची. साहेबांनी पॅसेज दाखवला. अम्मांनी नकाशा परत केला.

अम्मांना त्यांच्या कोलमचा फार अभिमान. गल्लीतल्या बाकी बायकांची कोलमं ऊन चढेपर्यंत निम्मी गायब होत. अम्मांचं कमळ संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेलाही पाकळीन् पाकळी शाबूत. त्या म्हणायच्या, हाताचा गुण आहे, आईकडून आला. केतकी पहिल्या दिवशी कौतुकाने वाकून बघायला गेली आणि तशीच वाकलेली राहिली. मग इकडेतिकडे बघत आवारभर हिंडून आली.

परत आल्यावर मला हळूच म्हणाली, "काका, या आवारात एकसुद्धा मुंगी नाहीये."

तांदळाचं पीठ मुंग्याच नेतात. इथे न्यायला कोणी नव्हतंच. अम्मांना हे सांगायची छाती ना तिची झाली, ना माझी. रावांना विचारलं तर ते म्हणाले, "कसाला सांगायचं? बाईला एवढा एक गर्व आहे, असू द्या की."

* * *

काम सुरू व्हायच्या आधी अम्मांना समजावणं भाग होतं. नळ्या त्यांच्या ओसरीपर्यंत येणार होत्या. केतकीने रावांना शास्त्र सांगितलं, ते पाऊण तास मन लावून ऐकत होते. मग अम्मांकडे वळले आणि दोन वाक्यांत आटपले.

केतकीने विचारलं, एवढंच?

राव म्हणाले, "मी सांगटलों, जमीन आजारी आहे. आम्ही तिला औषध देणार, मग तिला थोडा ताप येईल, घाबरू नका. आणखी काय सांगायचं हो?"

तसं ते खोटंही नव्हतं. पेरॉक्साइड आणि हिराकस भेटले की जमीन खरंच तापते. केतकी तासातासाला मातीत थर्मामीटर खुपसून आकडा बघायची. अम्मा तिला 'कण्णु' म्हणायच्या, म्हणजे बाळ. त्या ओसरीवरून ते बघायच्या आणि केतकीचं तोंड जरा गंभीर दिसलं की स्वतःच्या कपाळाला हात लावून बघायच्या.

रावांच्या त्या दोन वाक्यांनी पुढे काय केलं, ते यथावकाश येईल. आधी त्यांच्या मिशा.

* * *

रावांना मिशा होत्या. होत्या म्हणजे आहेतच, पण ज्या मिशांबद्दल मी बोलतोय त्या काळ्याभोर होत्या. तंजावरच्या दरबारात शोभतील अशा. वय सत्तरीकडे झुकलेलं आणि मिशी पंचविशीची. सगळ्यांना कारण माहीत होतं, पण बोलत कोणी नव्हतं.

केतकीचा मास्कबद्दल कडक नियम. पंप चालू असताना तोंडावर प्लास्टिकची ढाल, हातात मोजे. रावांना ढाल आवडायची नाही, कारण खालची कड मिशीला घासायची. म्हणून ते ती टोपीसारखी वर सरकवून ठेवायचे. केतकी आली की खाली. ती गेली की वर.

एक दिवस नळीचा जोड सैल झाला आणि पेरॉक्साइडचा बारीक फवारा उडाला. राव चपळ, डोळे मिटून मागे झाले. केतकीने धावत येऊन त्यांच्या तोंडावर नळीचं पाणी सोडलं, डोळे धुतले, डॉक्टरकडे नेलं. सुदैवाने फवारा पातळ होता, कातडी जरा झोंबली, बाकी काही नाही. आम्ही सगळे हादरलो होतो.

दुसऱ्या दिवशी राव कामावर आले. मिशीची डावी बाजू काळी होती. उजवी बाजू सोनेरी. नुसती फिकट नाही हो. परदेशी सिनेमातल्या नटासारखी सोनेरी.

कोणी हसलं नाही. हसायची कोणाची टाप? राव स्वतःच आरशापुढे उभे राहिल्यासारखे सगळ्यांसमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, "सेट, तुमचा माल खरा आहे."

त्यानंतर साइटवर मास्कची सूचना लावायची गरज पडली नाही. नवीन कामगार आला की केतकी म्हणायची, आधी रावकाकांना भेटून या.

* * *

आवाराच्या भिंतीबाहेर, कडुनिंबाखाली एक वारूळ होतं. भिंतीच्या आत मुंगी नाही आणि बाहेर वारूळ, हा त्या जागेचा हिशेब. आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमाराला, गल्लीतल्या बायका दर शुक्रवारी त्या वारुळात दूध ओततात. नागदेवीचा नेम.

त्या शुक्रवारी आमचा पंप चालू होता. बायकांनी दूध ओतलं, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. आणि वारुळाच्या तोंडातून पांढराशुभ्र फेस वर आला.

आम्हाला कळलं ते बाहेरचा कल्लोळ ऐकून. केतकीने पळत जाऊन पंप बंद केला, दोरी बांधून सगळ्यांना लांब केलं आणि मोठी नळी घेऊन वारुळाच्या आजूबाजूला पाण्याचा मारा सुरू केला. भिंतीखालून एक जुना फुटका पाइप गेला होता. तो कुठल्याच नकाशात नव्हता, आणि औषधाने नेमकी तीच वाट धरली होती. ती बिचारी घामाघूम होऊन पाणी मारतेय आणि बायकांना वाटतंय, मॅडम अभिषेक करतायत. दोघीतिघींनी तर मागून हातही लावला.

रावांनी पुढे होऊन खरं काय ते सांगितलं. पंप, पाइप, फेस, सगळं. बायकांनी पूर्ण ऐकून घेतलं. पटलंही. मग एक म्हातारी म्हणाली, फेस तुमचाच असेल, पण आजच का आला? देवीने दूध परत केलंय.

आता सगळा समुदाय विचारात. परत का केलं असेल? नेमात काय चुकलं? आणि विचार करता करता एकेकीची नजर वळली ती कोपऱ्यावर मोटरसायकलला कॅन लटकावून मजा बघत उभ्या असलेल्या गवळ्याकडे.

म्हातारी म्हणाली, "आम्हाला पाणी घालून देतोस ते आम्ही पितो. तिने नाही घेतलं."

पाइप आम्ही त्याच दिवशी सिमेंटने बुजवला, त्यामुळे फेस पुन्हा कधी आला नाही. पण त्या आठवड्यापासून साइटवरची कॉफी एकदम सुधारली.

* * *

आता जरा कठीण गोष्ट.

ऑगस्ट संपता संपता मधली तपासणी झाली. आवारभर माती छान उतरत होती. विष कमी, कमी, आणखी कमी. फक्त एक रांग अडून बसली होती. अम्मांच्या घरालगतची. तिथे औषध सोडावं तर ते जणू जमिनीत पडायच्या आधीच संपायचं. विषाला हातच लागत नव्हता.

केतकीने डोस वाढवला. तरी तेच.

मोठे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण डोक्यावर पावसाळा होता. ऑक्टोबरात इथला पाऊस सुरू झाला की जमिनीतलं पाणी वर येतं आणि मग सगळंच बंद. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, माल हलका येत नाहीये ना? केतकी तिथल्या तिथे उभी राहिली. म्हणाली, प्रत्येक ड्रम मी स्वतः तपासते सर, औषध पूर्ण जोराचं आहे, ते कोणीतरी खातंय.

तिचं म्हणणं असं, की पेरॉक्साइडला विष आणि पालापाचोळा यांतला फरक कळत नाही. मातीत शेण असो, मुळं असोत, सडलेलं काहीही असो, ते आधी त्यालाच खाऊन घेतं. पण ती माती तर सुरुवातीला तपासली होती. नापीक, कोरडी, काहीही नव्हतं तिच्यात. मग आता आलं कुठून?

साहेब जाताना म्हणाले, शेवटच्या तपासणीपर्यंत बघू. नाही जमलं तर खोदाईची मशिनं सांगून ठेवतो. घराकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहवलं नसावं.

मी व्यापारी माणूस. डोस वाढला की माझा माल जास्त उठतो. मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या दिवशी निघताना अम्मांनी नेहमीसारखं हातावर केळं ठेवलं आणि ते माझ्या गाडीत तसंच काळं पडलं.

* * *

पुढचा टँकर लवकर आला म्हणून मीही त्याच्याबरोबर पहाटे पोचलो. साइट अजून उघडायची होती. अम्मांचं कोलम घालून झालं होतं, आणि त्या हातात मोठं भांडं घेऊन घरालगतच्या नळ्यांशी वाकल्या होत्या. एकेका नळीच्या बुडाशी पळीने काहीतरी ओतत होत्या. सावकाश, सांडणार नाही अशा बेताने, जसं आजारी माणसाला भरवतात.

जवळ गेलो तर भाताची आंबूस पेज आणि ताक.

केतकी आणि राव येईपर्यंत गाडीतच बसून राहिलो. ते आले, मी दाखवलं. ज्या रांगेवर अम्मांचं घर उभं होतं, तीच रांग अम्मा रोज जेवू घालत होत्या, आणि आमचं औषध रोज पेज खाऊन झोपत होतं.

रावांनी विचारलं, अम्मा, हे काय?

अम्मांना प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी केतकीकडे बघून, रागावून नाही, पण शहाण्या माणसाने असं कसं करावं अशा सुरात विचारलं,

"इतकं कडक औषध उपाशीपोटी देतात का कण्णु?"

राव मान खाली घालून उभे. ताप, औषध, आजार ही सगळी त्यांचीच भाषा. अम्मांनी ती त्यांच्यापेक्षा नीट ऐकली होती. ताप आलेल्याला पेज द्यायची असते, आणि जड औषधाआधी पोटात चार घास असावे लागतात. आवार मोठं, सगळ्याला पुरणार नाही, म्हणून आपल्या दाराशी जेवढी आहे तेवढीला तरी.

केतकी मला मराठीत म्हणाली, मी यांना कसं सांगू की तुमचं घर तुम्हीच पाडताय? मी म्हटलं, तू नको सांगू. कोणीच नको.

रावांनी सोनेरी मिशीवर बोट फिरवलं. मग अम्मांच्या पायरीवर जाऊन बसले आणि म्हणाले, आतापर्यंतचं औषध झालं. आता ऑपरेशन आहे.

अम्मांचा चेहरा बदलला. त्यांचं स्वतःचं पोटाचं ऑपरेशन झालेलं होतं. त्यांनी लगेच भांड्यावर झाकण ठेवलं.

"मग पाणीसुद्धा नाही," अम्माच रावांना म्हणाल्या. "मला घोटभरही देत नव्हते."

* * *

त्यानंतरचे आठवडे अम्मा खुर्ची टाकून ओसरीवर बसायच्या. घरालगतच्या रांगेकडे कोणी खरकटं पाणी घेऊन वळलं की संपलंच. भाजीवाल्याला त्यांनी देठ टाकू दिले नाहीत. कडुनिंबाची पानं उडून आली की स्वतः वेचायच्या. सडा टाकतानाही पाण्याची धार रांगेपासून वळवून नेत.

एकदा रावांनी बोलता बोलता कॉफीच्या पेल्यातला तळाचा गाळ सवयीने मातीत भिरकावला. अम्मा खुर्चीतून उठल्या. एवढा मोठा माणूस, फॅक्टरीत शंभर लोकांवर हुकूम चालवलेला. तो हातात रिकामा पेला घेऊन शाळेतल्या पोरासारखा उभा, आणि अम्मा त्याला सगळ्या कामगारांदेखत विचारतायत,

"ती उपाशी पडलीय, आणि तिच्या समोर कॉफी पिता?"

त्या दिवसापासून आम्ही सगळे कॉफी घ्यायला फाटकाबाहेर जायला लागलो. मोठे साहेब आले होते, तेही निमूटपणे बाहेर आले. का, ते त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

* * *

शेवटच्या तपासणीचे नमुने गेले आणि आकाश भरून यायला लागलं. केतकी राहायची वेलचेरीत, तिकडे पाऊस म्हणजे गल्लीत पाणी भरणार, तळमजल्यावरची गाडी आधी पुलावर नेऊन लावायची. पण ती गाडीचं सोडून रोज साइटवर यायची, काम नसतानाही. खोदाईचं एक मशीन फाटकाशी आणून उभं केलेलं होतं. अम्मा येता-जाता त्याच्याकडे बघायच्या.

लॅबचा फोन आला तेव्हा केतकी पायरीवरच बसली होती. ऐकत राहिली, थँक यू म्हणाली, फोन ठेवला. रावांनी तमिळमध्ये सांगायचीही वाट तिने पाहिली नाही. जे दोन शब्द येत होते त्यांतलाच एक घेऊन अम्मांकडे वळली आणि म्हणाली, "अम्मा, सरी."

अम्मांना तेवढं पुरलं. त्या आत गेल्या. आम्हाला वाटलं, देवापुढे दिवा लावायला गेल्या. बाहेर आल्या त्या भांडं घेऊन.

केतकीने रावांना विचारायला लावलं, काय आहे? पेज. अम्मांनी सकाळपासून करून ठेवली होती. निकाल काहीही लागला असता तरी ऑपरेशन संपणार होतं, आणि शुद्धीवर आल्याबरोबर भूक लागते, असं त्यांचं म्हणणं.

आता खरं सांगायचं तर केतकीलाही हेच हवं होतं. पेरॉक्साइड विष मारतं तसं मातीतलं बाकी सगळंही मारतं. साफ झालेली माती राखेसारखी असते. तिच्यात पुन्हा जीव यायचा तर तिला शेणखत, पालापाचोळा, जे मिळेल ते घालावं लागतं. म्हणजे अम्मा दोन महिने लवकर बरोबर होत्या, एवढंच.

आम्ही सगळ्यांनी पेले पुढे केले. अम्मांनी भांडं आमच्या हातांवरून पलीकडे नेलं.

"आधी ती," त्या म्हणाल्या. "तुम्ही बाहेर जाऊन कॉफी पीत होता, मला माहीत आहे."

* * *

साइट गुंडाळली. खोदाईचं मशीन काही न खोदता परत गेलं. केतकीला दुसरं काम लागलं, राव घरी बसले आणि पुन्हा कंटाळले. मिशा त्यांनी दोन्ही बाजूंनी पांढऱ्या वाढवल्या. पाऊस आला, गेला. अम्मा मात्र जेवू घालत राहिल्या. केतकी कधी लांबून खताचं पोतं पाठवायची, कधी स्वतः जाऊन माती हातात घेऊन बघायची. मला फोनवर म्हणायची, रंग आलाय काका, पण अजून सामसूम आहे.

मग मार्गळी लागली. आपला धनुर्मास. हा इथे कोलमचा महिना. बाया अंधारातच उठून सबंध गल्ली भरेल अशी कोलमं घालतात, आणि कोणाचं मोठं, कोणाचं सुबक, यावर महिनाभर डोळे आणि जिभा दोन्ही चालू असतात. अम्मांना कोणी हरवेल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

त्या महिन्यात एका सकाळी रावांचा मला फोन. म्हणाले, अम्मा भयंकर चिडल्यायत, काय झालं ते फोनवर सांगत नाहीत, केतकीबाईंनाही घेऊन या. म्हटलं, गेली मेहनत. कुठूनतरी पुन्हा वर आलं वाटतं. केतकी ऑफिस सोडून निघाली. तिने मागच्या सीटवर मातीचे नमुने घ्यायचं सगळं सामान टाकलं होतं.

अम्मा दारात उभ्या होत्या. कमरेवर हात. आम्हाला या म्हणाल्या नाहीत, बसा म्हणाल्या नाहीत. नुसतं खाली बोट दाखवलं.

कमळ होतं. म्हणजे निम्मं होतं. डाव्या बाजूच्या पाकळ्या पार गेल्या होत्या, आणि उजवीकडच्या आमच्या डोळ्यांदेखत जात होत्या. पांढऱ्या रेघेला पाय फुटल्यासारखी एक काळी रांग पायरीवरून उतरून, आमच्या जुन्या नळ्यांच्या खुणांमधून, मातीत शिरत होती.

केतकी हातातली पिशवी खाली ठेवून गुडघ्यांवर बसली. रावांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला.

अम्मांचं सगळं लक्ष माझ्याकडे. इतकी वर्षं त्यांच्या कोलमला कोणी हात लावला नव्हता, आणि नेमकी मार्गळीत, सगळ्या गल्लीसमोर ही नाचक्की. आम्ही औषधं घातल्यापासूनच हे सुरू झालंय, असं त्यांचं स्पष्ट मत होतं, आणि निस्तरायचंही आम्हीच.

"सेट, तुमच्या गोदामात सगळं असतं," त्या म्हणाल्या. "मुंग्यांवर ती पांढरी पावडर येते बघा. ती एक डबा आणून द्या."